टोकन नंबर ७३

चौदा धपाटे होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे आकड्यावरून वाद आहे. आईनं पहाटे चारला उठून, ओल्या फडक्यावर थापून, वर तीळ लावून केलेले. सोबत शेंगाचटणीची पुडी. डबा स्टीलचा, माझ्या बारशाला आलेला, झाकणावर 'आत्याकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं. चौदा.

शनिवारी आम्ही पाच जण कल्याणहून एका मोठ्या थीम पार्कला गेलो. मी, बायको, आई, आठ वर्षांची थोरली आणि साडेतीन वर्षांचा धाकटा. पार्कचं नाव सांगत नाही, एक पाहिलं की सगळी पाहिल्यासारखीच असतात. दोन दिवस झाले, पोटऱ्या अजून दुखताहेत. पण मला दुखतंय ते पोटऱ्यांत नाही.

तिकिटाच्या खिडकीशेजारी भिंतीवर एक जिराफ रंगवलाय. त्याच्या मानेवर ९० सेंटीमीटरची रेघ. मूल रेघेच्या खाली असेल तर फुकट, वर गेलं तर तिकीट. आमचा धाकटा ९२ भरला. त्यातले निदान तीन सेंटीमीटर त्याच्या चालताना लाइट लागणाऱ्या सँडलचे होते. मी म्हटलं, सँडल काढून मोजा. खिडकीतली मुलगी म्हणाली, "सर, आत अनवाणी फिरणार आहे का तो?" यावर काय बोलणार?

आमच्या लहानपणी हे बरं होतं. एसटीत काय, रेल्वेत काय, पाच वर्षं पूर्ण झाली की हाफ तिकीट. त्यामुळे मी जवळजवळ दोन वर्षं पावणेपाच वर्षांचा होतो. कंडक्टरनं विचारलं की आईचा चिमटा दंडाला बसायचा आणि मी घडाघडा 'पावणेपाच' म्हणायचो. एकदा उत्साहाच्या भरात 'पहिली ब' असंही पुढे जोडलं होतं, त्याची आठवण घरात अजून काढतात. वयाबद्दल खोटं बोलता येतं. जिराफाशी नाही बोलता येत.

तिकिटं काढली. त्यावर १८ टक्के जीएसटी. २०१८च्या आधी हा २८ टक्के होता, म्हणजे त्या मानानं आपलं नशीब चांगलंच म्हणायचं. असं मी बायकोला म्हटलं. ती काही बोलली नाही.

आणि मग बॅगतपासणी.

टेबलामागे बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा, अंगात एक नंबर मोठा निळा शर्ट, पुढ्यात रेघा मारलेली वही. त्यानं आईची पिशवी उघडली, डबा काढला, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. नाक बराच वेळ आत होतं. एवढं मी लक्षात ठेवलंय.

"हे काय, काका?"

मी एकेचाळीस वर्षांचा आहे. खिडकीपाशी सर होतो, वीस पावलांत काका झालो.

"धपाटे."

"बाहेरचं खाणं अलाउड नाही. इथं जमा करायचं, टोकन घ्यायचं, जाताना परत." त्यानं वहीत लिहायला घेतलं. "थालीपीठ, एक डबा."

"थालीपीठ नाही रे ते," आई म्हणाली. "धपाटं आहे."

"तेच ना आज्जी?"

इथं मी आईला आवरायला हवं होतं. आई बार्शीची. बार्शीच्या बाईला धपाट्याला थालीपीठ म्हटलेलं चालत नाही, पराठा म्हटलं तर ती उठून निघून जाते. तिनं टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि समजावून सांगायला सुरुवात केली. थालीपीठ भाजणीचं, म्हणजे धान्यं आधी भाजायची, मग दळायची. धपाट्याला ज्वारीचं कच्चं पीठ, थोडं बेसन, मूठभर कणीक. थालीपिठाला मधे भोक पाडून तेल सोडायचं. धपाटं फडक्यावर थापून फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालायचं आणि फडकं सोडवायचं. तिनं हातांनी फडकं सोडवूनही दाखवलं. आमच्यामागे साठ-सत्तर माणसं उन्हात उभी. त्यातला एक टोपीवाला गृहस्थ म्हणाला, "मावशी, आमच्याकडे काकडी पण घालतात." आई वळून म्हणाली, "ते वेगळं."

पोरगा पेन धरून मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "आज्जी, वहीत जागा कमी आहे," आणि थालीपीठच लिहिलं.

आता मी पुढे झालो. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये दिलेला निकाल मला पाठ आहे. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क चित्रपटगृहाला आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या मुलांसाठी आईबापांना खाणं नेऊ द्यायला हवं. हे मी सांगितलं, आवाज जरा वकिली करून.

"काका, हे थेटर नाही."

"पण लहान मूल तर आहे!"

"बाळाचं खाणं आम्ही पण सोडतो. बाळ कुठाय?"

मी धाकट्याला पुढे ओढला. पोरानं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मनगटावरच्या कागदी पट्ट्याकडे पाहिलं. "याला तर तिकीट लागलंय. तिकीट लागलं म्हणजे बाळ नाही."

या वाक्यात खोट शोधायचा मी दोन दिवस प्रयत्न करतोय. सापडत नाही.

"पण खातो तो हेच," मी म्हटलं. "दुसरं काही खात नाही."

"बरं, खाऊन दाखवू दे." त्यानं एक धपाटं उचलून धाकट्यासमोर धरलं. "खा बाळा." आता बाळा!

सगळी रांग बघत होती. टोपीवाले काका एक पाऊल पुढे आले. धाकट्यानं धपाट्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाला, "मला फ्रेंच फ्राइज."

पोरानं धपाटं परत डब्यात ठेवलं आणि पितळी बिल्ला माझ्या हातात दिला. नंबर ७३. त्याच्यामागे लोखंडी मांडणी होती, तिच्यावर नंबर लावलेले डबे, पिशव्या, कॅसरोल, फडक्यात बांधलेल्या पुऱ्या, एक अख्खा प्रेशर कुकर. लग्नघराच्या कोठीखोलीसारखा वास येत होता. पार्कात दिवसभरात मी पाहिलेली सगळ्यांत छान जागा तीच.

आतलं फार सांगण्यासारखं नाही. बाहेर तिकिटाएवढा उंच असलेला धाकटा आत एकाही राइडला पुरला नाही. तिथं १०५ सेंटीमीटर लागतात आणि सँडल काढून मोजतात. थोरलीसोबत पन्नास मिनिटं रांगेत उभा राहून मी दीड मिनिट उलटा झालो. धाकट्याला पाच फुटी सशाची भीती वाटली, आणि दिवसातलं त्याचं सुख म्हणजे स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं मशीन. त्याखाली त्यानं अकरा वेळा हात धरले. फ्रेंच फ्राइज दोनशे वीस रुपये, त्यातले त्यानं चार खाल्ले. वडापाव एकशेवीस. पाण्याची बाटली साठ. पाण्याचा नळ होता, त्यावर 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद. कागद पिवळा पडला होता.

ही परंपरा जुनी आहे म्हणा. कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं तेव्हा नळकाम करणाऱ्यांचा संप होता. पिण्याच्या पाण्याचे नळ चालू करायचे की स्वच्छतागृहं, एवढाच प्रश्न उरला, आणि वॉल्ट डिस्नेनं स्वच्छतागृहं निवडली. रणरणतं ऊन, नकली तिकिटांवर आत शिरलेली गर्दी, नवं डांबर इतकं मऊ की बायकांच्या टाचा रुतत होत्या. लोक म्हणाले, हे शीतपेयं खपवायलाच केलंय. पण तिथं निदान संप तरी होता. आणि हे वाक्य लिहिताना मला अजून राग येतोय, म्हणजे माझ्या विनोदबुद्धीला साठ रुपयांत तडा जातो म्हणायचं.

चौथीत असताना आमची सहल गोराईला एस्सेलवर्ल्डला गेली होती. तिथलं मला आता फारसं आठवत नाही. आठवतं ते इतकंच की खाडीतून बोट निघाली आणि पलीकडच्या काठाला लागायच्या आत आम्ही पन्नास पोरांनी डबे फस्त केले. काय शहाणी पोरं होतो.

संध्याकाळी सातला बिल्ला दिला, डबा मिळाला. आईनं तिथंच उघडून मोजले.

"अकराच आहेत."

तोच पोरगा होता. त्यानं वही माझ्याकडे फिरवली. "काका, इथं एक डबा लिहिलंय. डबा एकच आहे ना?"

मी मॅनेजरला बोलवा म्हटलं. तक्रारवही मागितली. पाच जणांच्या तिकिटांचा आकडा मोठ्यानं सांगितला. तत्त्वाचा प्रश्न आहे असंही म्हणालो, आणि बायको मुलांना घेऊन हळूच गाडीकडे निघाली. आईचं मात्र माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या पोराकडे बघत होती.

"आवडले का रे?"

पोरगा आधी गप्प राहिला. मग त्यानं खरोखर विचार केला, ओठांवरून जीभ फिरवली. "चांगले होते आज्जी. लसूण जरा जास्त झाला."

गाडीत आई बोलली नाही. उरलेले अकरा आम्ही टोलनाक्याच्या रांगेत खाल्ले. धाकट्यानं न मागता दोन खाल्ले. नाका ओलांडल्यावर मागून आवाज आला, "लसूण खरंच जास्त झालाय का रे?"

"छे," मी म्हटलं. बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

झालाही असेल. पण ते त्यानं सांगायचं?