तोंड उतरलेलं कुणाला दिसणार?

डोकं इतकं फिरलंय की हे लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

पाडव्याच्या सकाळी माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीचं रील आलं. नऊवारी, नथ, चंद्रकोर, मागे ढोल-ताशा, खाली ‘आपलं ठाणं, आपला पाडवा’. मी तेव्हा कौपिनेश्वराच्या देवळाजवळ, शोभायात्रेच्या गर्दीत. वाटलं, इथेच असेल कुठेतरी. फोन केला, तिने उचलला नाही. म्हटलं, ढोलांत ऐकू गेला नसेल. रीलला बदाम दिला, घरी आले, श्रीखंड-पुरी जेवले.

त्या सकाळी तिचे बाबा आयसीयूत होते.

मला कळलं सोळा दिवसांनी. तेसुद्धा भाजी घेताना तिच्या शेजारच्या काकू भेटल्या म्हणून. ते रील आदल्या रविवारी शूट केलेलं, साडीच्या दुकानाशी कोलॅब ठरलेलं, पोस्ट वेळ लावून ठेवलेली. काका आत नळ्या लावून पडलेले आणि बाहेर ही हजारो लोकांपुढे गिरकी घेतेय. त्या हजारांत मीही होते. बदाम देत होते. तळपायाची आग मस्तकात गेली ते ऐकून, अजून उतरलेली नाही.

पाचपाखाडी ते नौपाडा हे काय अंतर आहे? चालत पंधरा मिनिटं! दहावीचा निकाल लागला तेव्हा याच काकांनी आम्हा दोघींना मामलेदारची मिसळ खायला नेलं होतं. तिखट लागल्यावर ‘पाणी नको, पाव खा’ म्हणत स्वतःचा पाव माझ्या ताटलीत टाकला होता. त्यांच्यासाठी मी रात्री थांबले असते. डबा दिला असता. मेडिक्लेमच्या कागदांसाठी खिडकीपुढे उभी राहिले असते. तिच्या आई एकट्या आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून होत्या चार रात्री. चार!

भेटायला गेले तेव्हा सरळ विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणे, ‘अगं, माझं पेज आनंदी आहे, लोक त्यासाठी येतात, मध्येच असं काही टाकलं की रीच पडतो.’ मी म्हटलं, पेजवर टाक असं कोण म्हणतंय? मला सांगायचंस. बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, ‘तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग पाडव्याला हसत कशी होतीस.’

म्हणजे बघा. लहानपणापासून एकमेकींच्या घरी जेवलेल्या आम्ही, आणि आता माझ्यासमोरही तिला पेज सांभाळावं लागतंय.

कुणीतरी म्हणेल, माणूस सगळीकडे वेगवेगळा वागतोच. हो, वागतो. सासूबाईंसमोर मी वेगळी, ऑफिसात वेगळी, तलावपाळीवर मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाताना अजून वेगळी. त्याला मी खोटेपणा म्हणत नाही. पण या तिन्ही ठिकाणी समोर माणूस असतो, तो माझ्याकडे बघत असतो. कितीही हसले तरी सासूबाई विचारतात, ‘काय गं, तोंड का उतरलंय?’ पकडतात मला, आणि मी पकडली जाते म्हणून जगते. रीलमधलं उतरलेलं तोंड कुणाला दिसणार? ते तर आधीच कापून टाकलेलं असतं.

‘पर्सोना’ हा मुळात लॅटिन शब्द, नाटकातला मुखवटा. आम्हा ठाणेकरांना नाटक काही नवीन नाही, गडकरी रंगायतन तलावपाळीवरच उभं आहे. पण तिथे तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि पडतोही. नट रंग पुसून घरी जातो. इथे पडदा पडायची सोयच नाही. दोन दिवस काही टाकलं नाही की हिच्या पोटात गोळा येतो.

आणि ही भीती उगाच नाही, ती तयार केलेली आहे. इन्स्टाग्रामवर पूर्वी पोस्ट लागल्या क्रमाने दिसायच्या. २०१६ पासून कुणाला काय दाखवायचं ते यंत्र ठरवायला लागलं, तुम्ही कशावर थांबाल याचा अंदाज बांधून. २०२० च्या जुलैत आपल्याकडे रील्स आली, मग तर काही सेकंदांत अंगठा थांबवायची शर्यतच. त्या शर्यतीत रडवेला, दमलेला, खरा चेहरा टिकणार कसा? टिकतो तोही रडणं नीट उजेडात बसवलं तरच.

आता ऑफिसंही यातच. मागच्या महिन्यात आमच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात कुणा कोचला बोलावून ‘पर्सनल ब्रँडिंग’वर दीड तास घेतला. ‘ऑथेंटिक राहा’ हे ऐकून कान किटले. आणि शेवटी काय दिलं? पोस्ट कशी सुरू करायची, अपयश कुठल्या ओळीत सांगायचं, डोळ्यांत पाणी कधी आणायचं, याचा साचा. साच्यातून काढलेलं माझं खरेपण! माझं अपयश मी माझ्या नवऱ्याला सांगेन, आईला सांगेन. ते आठवड्यातून तीनदा वाढून ठेवायला मी खानावळ उघडलेली नाही.

असो. काका आता घरी आलेत, काठी घेऊन दिवाणखान्यात फिरतात, मला बघून ‘मिसळ कधी?’ म्हणाले. ते ऐकून मी जरा निवळले होते. खरंच निवळले होते.

आज संध्याकाळी तिने मला एक व्हिडिओ पाठवला. ‘आता खरं सांगायची वेळ आलीये, रॉ ठेवलंय, गाणं कुठलं लावू गं?’ व्हिडिओत काकांचा हात. सलाईन लावलेला, सुजलेला, मागे मशिनचा हिरवा उजेड. पाडव्याच्या आदल्या रात्री काढलेला, तिनेच खाली लिहिलंय.

मी त्या रात्री दारात रांगोळी काढत जागी होते गं. हाताचा व्हिडिओ काढायला फोन उचललास ना? त्याच फोनवरून मला एक फोन करायचास.