किल स्विच आहे म्हणून फायरवॉल बंद करायची?

व्हीपीएन म्हणजे तुमचा डेटा कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय. ‘व्हीपीएनचा किल स्विच आणि विंडोजची फायरवॉल एकमेकांच्या आड येतात, म्हणून फायरवॉल बंद ठेवा’ असं सांगणारा चार मुद्द्यांचा फॉरवर्ड घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या मामेबहिणीने तो वाचून पीजीच्या वायफायवर फायरवॉल खरंच बंद केली. त्या वायफायचा पासवर्ड तिथल्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला आहे. म्हणून हे लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

पहिला मुद्दाच सगळ्यात घातक आहे: ‘किल स्विच हीच फायरवॉल, मग दुसरी कशाला?’ किल स्विचचं मुख्य काम म्हणजे व्हीपीएन तुटलं तर तुमचा डेटा उघड्या नेटवरून बाहेर जाऊ न देणं. विंडोजची फायरवॉल मुख्यतः बाहेरून आत येणारं, कुणी न बोलावलेलं कनेक्शन अडवते. बाहेर जाणाऱ्याला ती वेगळा नियम केल्याशिवाय सहसा अडवत नाही. व्हीपीएन चालू असतानाही वायफायवर लॅपटॉपचा स्वतःचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) असतोच. फायरवॉल गेली की फाइल शेअरिंगचा ४४५ नंबरचा पोर्ट, म्हणजे आत येण्याचं दार, शेजारच्या खोलीतल्या व्हायरस लागलेल्या लॅपटॉपलाही मोकळा होऊ शकतो. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय याच पोर्टवरून एका मशीनमधून दुसऱ्यात पसरलं होतं. शिवाय बऱ्याच ॲपमध्ये तुम्ही स्वतः ‘डिस्कनेक्ट’ दाबलंत की किल स्विचही सुटतो. मग राखणीला उरलं कोण?

आणि भांडण कसलं? विंडोजवरचे कितीतरी किल स्विच आपले नियम ‘विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म’ या विंडोजमधल्याच वाहतूक गाळणाऱ्या इंजिनात टाकतात. फायरवॉलही त्याच इंजिनावर चालते. वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमच्या विंडोज आवृत्तीच्या अधिकृत माहितीपत्रात हे स्वच्छ लिहिलंय. टनेलला (व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेला) एकच पिअर, म्हणजे पलीकडचं टोक असेल आणि ‘अलाउड आयपीज’मध्ये, म्हणजे टनेलमधून पाठवायच्या पत्त्यांच्या यादीत, ०.०.०.०/० (सगळे पत्ते) असेल, तर प्रोग्रॅम स्वतःच फायरवॉलचे नियम लावतो: टनेलची स्वतःची वाहतूक, लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलणं), डीएचसीपी (नेटवर्ककडून आयपी पत्ता घेण्याची पद्धत) अशा मोजक्या गोष्टी चालू, बाकी सगळं बंद. तोच पत्ता ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असा दोन तुकड्यांत लिहिला, तर वाहतूक टनेलमधूनच जाते, पण किल स्विच लागत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे एक पान वाचलं असतं तरी पुरे होतं.

दुसरा मुद्दा: ‘फायरवॉलने परवानगी मागितली की प्रायव्हेट-पब्लिक दोन्हींवर टिक करा, नाहीतर किल स्विच चालणार नाही.’ साफ चूक. ती खिडकी आत येणाऱ्या कनेक्शनबद्दल विचारते. विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्मवर एका बाजूचा नियम ‘जाऊ दे’ म्हणाला आणि दुसरीचा ‘अडव’ म्हणाला, तर सर्वसाधारणपणे अडवणाराच जिंकतो. म्हणजे तुमच्या टिकने किल स्विचला भोक पडत नाही आणि बळही येत नाही. होतं एवढंच, की तो प्रोग्रॅम स्टेशनवरच्या, कॅफेतल्या वायफायवरही बाहेरच्यांची कनेक्शनं घ्यायला मोकळा होतो.

तिसरा मुद्दा, ‘व्हीपीएन तुटल्यावर नेट बंद पडलं तर फायरवॉल बिघडली समजा.’ अहो, नेट बंद पडणं हेच किल स्विचचं काम! मात्र यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. काही ॲप क्रॅश झाले किंवा अर्धवट काढले, तर त्यांचे नियम मागे राहतात आणि नेट अडकून बसतं. काही अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल व्हीपीएनलाच अडवते. अशा वेळी ॲप पुन्हा टाका, त्यातूनच किल स्विच बंद करा आणि मग नीट काढा. अँटिव्हायरसमध्ये फक्त त्या ॲपला सूट द्या. फायरवॉलची सर्व्हिस थांबवण्याच्या फंदात पडू नका. मायक्रोसॉफ्ट स्वतः तसं करू नका म्हणतं, कारण त्याने स्टार्ट मेनूसुद्धा बंद पडू शकतो.

‘किल स्विच असला की एक बाइटही गळत नाही’ हा चौथा मुद्दा मे २०२४ मध्येच निकालात निघाला. टनेलव्हिजन नावाच्या त्रुटीत नेटवर्कवरचा हल्लेखोर डीएचसीपीच्या १२१ क्रमांकाच्या ऑप्शनमधून वाहतूक टनेलबाहेर वळवतो. व्हीपीएन ‘कनेक्टेड’च दिसतं, त्यामुळे कनेक्शन तुटण्याची वाट पाहणारा किल स्विच जागचा हलत नाही. अशी बाहेर वळलेली वाहतूक अडवायला टनेलबाहेरचं सगळं बंद करणारे फायरवॉलचे नियम लागतात.

ज्यांनी फॉरवर्ड ऐकून बदल केलेत त्यांनी ‘विंडोज सिक्युरिटी’मधलं ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ उघडून डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक हे नेटवर्कचे तिन्ही प्रकार ‘ऑन’ करावेत, आणि परवानगी दिलेल्या ॲपच्या यादीत ‘पब्लिक’खाली स्वतः केलेल्या टिकच्या खुणा काढाव्यात.