खानावळीचे पैसे कोण देते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गिरगावातल्या आमच्या छोट्या लेखनगटाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. मित्रांनी मित्रांचे लेखन ऐकणे म्हणजे ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’, असे आपण म्हणता. एकत्र बसणारे एकसारखे लिहू लागतात, हे सांगताना आपण रविकिरण मंडळ या जुन्या कविगटाचा आणि त्या काळच्या कवितेची टर उडवणाऱ्या, अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’चा दाखला देता. लिहिणाऱ्याने बैठका भरवण्यापेक्षा लेखन थेट संपादकाकडे पाठवावे, हा आपला सल्ला आहे.

स्तुतीचा धोका खरा आहे. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांना ‘छान जमलंय’ यापलीकडे फारसे काही सांगितले नाही आणि त्यामुळे कोणाचेच लेखन पुढे सरकले नाही. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आता ज्याचे लेखन असेल त्याने ते स्वतः वाचायचे नसते. दुसरा कोणीतरी वाचतो, लिहिणारा गप्प बसतो, आणि ऐकणाऱ्यांनी चांगले-वाईट न ठरवता आपण कुठे अडलो, कुठे आपले लक्ष उडाले, एवढेच सांगायचे असते. स्वतः वाचताना माणूस आवाजाच्या चढउतारांनी लेखनातली उणीव झाकतो. तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आले की उगाच लांबलेला संवाद लगेच कानाला खुपतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्यातल्या एका मित्राने १९८२च्या गिरणी संपावर कथा लिहिली होती. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि कथेत सभा, घोषणा, गिरणीचे बंद फाटक हे सगळे होते. कथेचा नायक बायकामुलांना कोकणात ठेवून लालबागच्या एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहणारा कामगार. कथा वाचून झाल्यावर एका मैत्रिणीने विचारले, “पगार बंद झाल्यावर हा जेवतो कुठे? खानावळीचे पैसे कोण देतं?” तिची आजी लालबागमध्ये गिरणी कामगारांची खानावळ चालवत असे. संप लांबला तसे एकेक जण गावी निघून गेले, उधारीची वही तशीच राहिली आणि आजीने त्यातले एकही नाव शेवटपर्यंत खोडले नाही, हे तिने आम्हाला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सांगितले. मित्राने पुढचा खर्डा त्या वहीपासून सुरू केला, आणि संप करणाऱ्या माणसाला रोज ताट वाढणारी बाई कथेत आली. हा प्रश्न स्तुतीतून आला नव्हता आणि टीकेतूनही नाही. ऐकणारी त्या खोल्यांना ओळखत होती, म्हणून तो आला.

संपादकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकाशी पत्रव्यवहार करून कथेवर पुन्हापुन्हा काम करवून घेत, तो लाभ ज्यांना मिळाला ते भाग्यवान. परंतु ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, आणि आज दिवाळी अंकाकडे पाठवलेली कथा बहुधा एक तर छापली जाते किंवा तिचे काय झाले ते कळतच नाही. ती कुठे अडते, हे नवख्या लेखकाला कोणीतरी सांगायला हवे.

रविकिरण मंडळाबाबत मात्र आपण थोडा अन्याय करता आहात. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या त्या मंडळात फारसीचे अभ्यासक माधव जूलियन होते, तसेच नाट्यछटाकार दिवाकरही होते, आणि या दोघांच्या लेखनात एकसारखेपणा शोधूनही सापडणार नाही.

तरीही कवितेपुरते मला आपले म्हणणे पटते. आमच्यातली एक कवयित्री अर्धवट कविता घेऊन येत असे. प्रत्येकाने सुचवलेला एखादा शब्द स्वीकारता स्वीकारता तिच्या ओळी आम्हा सर्वांच्या बोलण्यासारख्या होऊ लागल्या. आता ती कविता पूर्ण झाल्यावरच आणते, आणि आम्ही ती फक्त ऐकतो.