पुळण म्हणजे रस्ता नाही

आज पहाटे पुळणीवर टायरचे दोन लांबच लांब पट्टे, आणि त्यांच्याखाली चिरडलेला कासविणीचा माग. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी आणखी चार गाड्या येतील.

माग म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री वर चढते तेव्हा दोन-अडीच फूट रुंद पट्टा उमटतो, दोन्ही कडांना वल्ह्यासारख्या पायांच्या आळीपाळीच्या खुणा. वर जाताना एक, परत उतरताना दुसरा. दोन्ही जिथे मिळतात तिथली वाळू विस्कटलेली असते आणि त्याखाली दीड फुटावर मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात शंभरेक अंडी. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पण मऊ कवचाची. कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून राखणारी गावातली माणसं, पहाटे अंधारात निघतात ते हा माग बघायला. ऊन चढलं, वारा सुटला की तो पुसतो. मादी काही घरट्यावर पाटी लावून जात नाही.

आज कासवमित्र काका टॉर्च खाली धरून म्हणाले, "ताई, चढतानाचा माग हाय, उतरतानाचा नाय." उतरतानाच्या मागावरून गाडी दोनदा गेली होती. एकदा जाताना, एकदा वळवून येताना. विस्कटलेली जागाही टायरने सपाट.

मग काय, काठी. बारीक काठी हलक्या हाताने टोचत जायचं. घट्ट वाळूत ती अडते, खड्ड्यावर आली की भसकन आत जाते. तिथे थांबायचं नि पुढे हाताने उकरायचं, कारण काठी आणखी दाबली तर अंडं फुटतं. माग शाबूत असेल तर हे दहा मिनिटांचं काम. आज पावणेदोन तास. आणि इथे वेळेला किंमत आहे. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की संपलं. म्हणून जसं सापडेल तसंच, वरची बाजू वर ठेवून उचलायचं, टोपलीत खाली घरट्यातलीच वाळू घालायची आणि हॅचरीत, म्हणजे अंडी उबायला राखलेल्या कुंपणातल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा, तसाच खड्डा करून ठेवायचं.

"मग अंडी हॅचरीतच नेता ना, गाडीने काय फरक पडतो?" हे आज एकाने खरंच विचारलं. अरे बाबा, न्यायला आधी सापडायला हवीत! न सापडलेल्या घरट्यावरून चाक गेलं की वाळू दाबली जाते. पिल्लं फुटल्यावर लगेच वर येत नाहीत. दोन-तीन दिवस सगळी मिळून वरची वाळू खाली पाडत चढतात. घट्ट थराखाली अडकली की आतच मरतात. वर आलीच, तर पुढे टायरची चाकोरी. पिल्लू दीड इंचाचं, चाकोरी चार बोटं खोल. त्यात पडलं की समुद्राकडे न जाता चाकोरीतूनच चालत राहतं. पहाटे कावळे आणि कुत्रे, नंतर ऊन.

आणि ही फोर बाय फोरवाली मंडळी! ओली वाळू पायाला डांबरी रस्त्यासारखी घट्ट लागते म्हणून गाडी घालतात. गाडी उभी राहिली, इंजिन चालू राहिलं की थरथरीने वाळूतलं पाणी वर येतं आणि चाक बसतं. लाट आली की चाकाभोवतीची वाळू नेते. मग अॅक्सिलरेटर दाबायचा, म्हणजे आणखी खोल. काल भरती सहाला होती म्हणून आजही सहाला असेल हा दुसरा शहाणपणा. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, उधाणाला पाणी आणखी वर येतं. मग जेसीबी, आणि जेसीबी येतो तो थेट मर्यादवेलीवरून.

मर्यादवेल म्हणजे ती आपट्यासारख्या पानांची, जांभळ्या फुलांची वेल. पेरापेराला मुळं धरते, उडालेली वाळू अडवते, तिथे उंचवटा होतो. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू आत ओढून नेतात, ऑक्टोबरनंतर हळूहळू परत आणून टाकतात. उंचवटा असेल तर समुद्र त्याला खातो, नसेल तर मागच्या माडांना. माड पडले की दगडी बंधारा मागायचा. बंधाऱ्यावर आपटून लाट समोरचीच वाळू नेते, आणि चढून आलेली कासवीण दगडाला थटून मागे फिरते. ज्याचं घर धुपतंय त्याला बंधारा नको म्हणायला माझं तोंड नाही, तेवढं मान्य. होडी ओढायला ट्रॅक्टर लागतो, तेही मान्य. पण तो ठरलेल्या एका वाटेने येतो. पुळणीवर आठचे आकडे काढत नाही.

२०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून कोकणात! आजची कुठून आली होती कोण जाणे. येऊन जेमतेम तासाभरात खड्डा खणून, अंडी घालून, वाळू लोटून, वर अंग आपटून ती दाबून परत गेली. तिच्या मागोमाग गाडी.

असो. राग लिहून थोडा उतरला.

घरटं सापडलं. गाडीच्या पट्ट्यापासून वीतभर बाजूला. काकांनी एकेक करून ९४ अंडी मोजली, चार फुटलेली होती. नव्वद हॅचरीत गेली, पाटीवर तारीख लिहिली. वाळूत किती ऊब मिळते त्यावर पिल्लं नर की मादी ते ठरतं आणि दिवसही कमीजास्त होतात, पण पन्नास-पंचावन्न दिवस धरा. म्हणजे मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात खड्ड्यावर टोपली पालथी घालतील आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतील.

बघायला यायचं असेल तर मेसेज करा. गाडी देवळापाशी लावायची, तिथून चालत सात मिनिटं. टॉर्च आणू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात.