पाहुण्यांनी मत द्यावं

मत विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोनं विचारलं, "आमटी कशी झालीय?" मी म्हणालो, "फक्कड!" ती म्हणाली, "अजून मीठ घातलेलं नाहीये." त्या दिवशी घरात माझ्या मताची जी किंमत ठरली, ती आजतागायत बदललेली नाही.

असा माणूस कंपनीच्या कामासाठी मेक्सिकोत, ग्वादालाहाराला जाऊन पडला. एका रविवारी ऑफिसातल्या सहकाऱ्यानं मला त्याच्या सासुरवाडीला जेवायला नेलं. गाव आरांदास, शहराच्या पूर्वेला दोनेक तासांवर. वाटेत तांबडी माती लागली आणि त्या मातीत निळसर राखाडी रोपांच्या ओळीच ओळी. मी गाडीत ओरडलोच, "अरे, ही तर आमची घायपात!"

घायपात आमच्याकडे बांधावर वाढते. तिला कोणी पाणी घालत नाही, कोणी विचारत नाही. गुरं आत शिरू नयेत एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पूर्वी तिच्या वाखाचे दोर वळायचे. इथे तिची ही निळी चुलत बहीण, अगावे, मळ्याच्या मधोमध सहा-सात वर्षं लाडात वाढते. मग जिमादोर नावाचा गडी लांब दांड्याचं गोल पातं घेऊन येतो, पानं सपासप छाटतो आणि तीस-चाळीस किलोंचा गड्डा मोकळा करतो. त्याला म्हणतात 'पिन्या', म्हणजे अननस. तो शिजवायचा, पिळायचा, रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा, की झाली टेकिला. मला कोल्हापुरी माणसाला हे सगळं गुऱ्हाळाच्या फार जवळचं वाटलं. फक्त गुऱ्हाळात आपण वेळेवर थांबतो.

सहकाऱ्याचे सासरे हे असे तीस वर्षं जिमादोर होते. हात मिळवला तेव्हा माझा हात त्यांच्या पंजात कुठे गेला ते मला काही क्षण सापडलं नाही. जेवण झालं आणि सासरेबुवांनी टेबलावर तीन अरुंद, दांड्याचे पेले मांडले. प्रत्येकाखाली कागदाचा कपटा: एक, दोन, तीन. बाटल्या आत स्वयंपाकघरात. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "पाहुण्यांनी मत द्यावं."

पोटातला गोळा जागेवर आला.

तिन्ही रेपोसादो होत्या. रेपोसादो म्हणजे विसावलेली. ओकच्या लाकडात किमान दोन महिने ठेवायची, पण वर्ष भरायच्या आत काढायची, असा तिथला कायदाच आहे. वर्ष ओलांडलं की ती आन्येहो होते. सासरेबुवा मला हे समजावत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईची लोणच्याची बरणी होती. खार सुटलाय, फोड अजून करकरीत आहे आणि पोरं दादरा सोडायची वाट बघतायत, ती अवस्था म्हणजे रेपोसादो. हे मला त्यांना सांगायचं होतं. पण माझं स्पॅनिश तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं. म्हणजे तेही रेपोसादोच.

मी आधी मीठ आणि लिंबू मागितलं. टेकिलाचं माझं सगळं शिक्षण पुण्याच्या हॉस्टेलवर झालेलं. मीठ चाटायचं, एरंडेल घेतल्यासारखा घोट मारायचा, लिंबू चोखायचं आणि "मजा आली" असं ओरडायचं. सासरेबुवांनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं पुरणपोळीवर कुणी टोमॅटो सॉस मागितला तर आमची आजी पाहील. लिंबू आलं नाही.

मी एक नंबरच्या पेल्यात नाक घातलं. सबंध. आत अडतीस टक्के अल्कोहोल दबा धरून बसलेलं होतं, ते थेट टाळूत गेलं आणि डोळ्यांतून बाहेर आलं. सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "तोंड जरासं उघडं ठेवा. पेला लांब धरा. नाकाखालून हळूच न्या." मग पेला कलता करून फिरवला. काचेवरून थेंब सावकाश ओघळले. त्यांना इथे अश्रू म्हणतात. माझे वेगळे.

"कशाचा वास येतो?"

माझा सहकारी, म्हणजे घरचा जावई, धडाधड बोलायला लागला. व्हॅनिला, दालचिनी, कॅरमेल आणि ओक. व्हॅनिला मला आइस्क्रीमपुरती माहीत. ओक मला आडनाव म्हणून माहीत. दारूच्या संदर्भात ते क्रियापद म्हणूनच जास्त ऐकलेलं. जे झाड जन्मात पाहिलं नाही त्याचा वास पेल्यात कुठून ओळखणार? मी म्हणालो, "छान आहे."

"छान हा वास नाही," सासरेबुवा म्हणाले. हे वाक्य मी बायकोच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं.

मग त्यांना माझी दया आली असावी. "हात पुढे करा," म्हणाले. मी केला. त्यांनी माझ्या उजव्या तळहातावर पेल्यातले चार थेंब सोडले.

आता, उजव्या तळव्यावर कुणी वडीलधाऱ्यानं चार थेंब सोडले की काय करायचं, हे मला तिसऱ्या वर्षापासून शिकवलेलं आहे. डोकं विचार करायच्या आत तळवा ओठांना लागला होता, थेंब पोटात गेले होते आणि ओला हात केसांवरून मागे फिरला होता. डोळेसुद्धा मिटले होते. नमस्कार तेवढा अर्ध्यावर रोखला.

उघडून बघतो तर टेबलावर सन्नाटा. सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. नातू आतून पळत आला आणि म्हणाला, "पुन्हा करा."

तळहात एकमेकांवर चोळायचे होते. अल्कोहोल उडून जातं आणि शिजलेल्या अगावेचा वास मागे उरतो, तो हुंगायचा. मी दुसऱ्यांदा तसं केलं. ओंजळ नाकाशी नेली आणि खरं सांगतो, एकादशी आठवली. चुलीतून काढलेलं, साल सुटलेलं, कडेला चिकट झालेलं रताळं. मागे काकवीचा वास. स्पॅनिशमध्ये रताळ्याला काय म्हणतात ते मला बाजारामुळे ठाऊक होतं. "कामोते!" मी ओरडलो.

सासरेबुवांनी टेबलावर असा पंजा आपटला की तिन्ही पेले उडाले. "बरोबर! अगावे शिजली की कामोतेच!" आणि जावयाकडे बघत म्हणाले, "व्हॅनिला म्हणे!" रताळं मूळचं त्यांच्याच खंडातलं. आपण ते उपासाला आपलं म्हणून खातो, हे मी त्यांना सांगितलं नाही. चाललंय ते बरं चाललं होतं.

इथेच उठायला हवं होतं. पण एकदा मत बरोबर आलं की माणसाला चढते. दोन नंबर मला जरा तुरट लागली, पेन्सिल चावल्यासारखी. बहुधा तोच तो ओक. तीन नंबर मात्र जिभेवर ठेवली आणि जीव विरघळला. मऊ, गोड, सोनेरी, घशाला कुठे धक्का नाही. मी उभा राहून जाहीर केलं, "तीन नंबर. यात जे आहे ते बाकी दोन्हींत नाही!"

सासरेबुवा उठले, आतून तिन्ही बाटल्या आणल्या. ते नाव वाचत नाहीत, आधी चार आकडी नॉम क्रमांक बघतात. तो कारखान्याचा सातबारा. माल कुठल्या भट्टीत झाला ते त्यावरून कळतं. पहिल्या दोन बाटल्यांवर 'शंभर टक्के अगावे' असं लिहिलेलं होतं. तिसरीवर ती ओळ नव्हती. ती ओळ नसली की कायद्यानं निदान 51 टक्के साखर अगावेची हवी, उरलेली दुसरी कुठलीही चालते.

"दुसरी म्हणजे कुठली?" मी विचारलं.

"बहुतेकदा उसाची."

म्हणजे कोल्हापूरचा माणूस सात समुद्र ओलांडून मेक्सिकोत गेला, डोळ्यांत पाणी आणून तीन पेले चाखले आणि त्यातून ऊस शोधून काढला. तिचा सोनेरी रंगही सगळा लाकडाचा असेल असं नाही. थोडं कॅरमेल, थोडा ओकचा अर्क, थोडा पाक घालायला परवानगी असते. एक टक्क्याच्या आत.

सगळे हसत होते, फक्त जावई गप्प. ती तीन नंबर नाताळात त्यानंच सासऱ्यांना भेट दिली होती. सासरेबुवांनी ती तेव्हापासून अशाच एखाद्या प्रसंगासाठी जपून ठेवली असावी.

निघताना ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. "पाहुण्यांना आवडली," म्हणाले, जावयाकडे बघत.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. सापोत्लानेहो मागे पडलं, शहराचे दिवे दिसायला लागले, तेव्हा सहकाऱ्यानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "खरंच आवडली होती का रे?"

"खरंच."

"मलाही तीच आवडते," तो म्हणाला. "घरी सांगू नकोस."