तीन कुंड्या आणि बुजवलेले झरोके

'बंद घर, निरोगी घर' हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आला. म्हणणं असं: बाहेरची हवा विषारी, म्हणून झरोकेसुद्धा बुजवा. बेडरूममध्ये स्नेक प्लांटच्या तीन कुंड्या ठेवा, त्या रात्रभर ऑक्सिजन देतात, नासाने सिद्ध केलंय. एसी ताजी हवा आणतो, उरलेलं प्युरिफायर बघतो.

मी सोडून दिलं असतं, पण मावशीने खरोखर झरोक्यांत थर्माकोल कोंबला. घर जुनं, खिडक्या मात्र नव्या सरकत्या, फटी सिलिकॉनने भरलेल्या. हवेला तेवढीच वाट उरली होती, तीही गेली.

आधी कुंड्या. नासाचा 1989चा अभ्यास खरा आहे. पण तो छोट्या हवाबंद पेट्यांत केलेला होता, आणि मोजलं होतं ते बेंझिन, फॉर्मल्डिहाइड अशा वायूंचं कमी होणं. माणसं झोपलेल्या खोलीला ऑक्सिजन पुरवण्याशी त्याचा काही संबंध नाही. 2019मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा 12 अभ्यासांतल्या 196 प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत एरवी जी हवा आतबाहेर होते, तिच्याइतकी सफाई झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा हिशेब निघाला. दहा चौरस मीटरची खोली धरा. कमीत कमी शंभर कुंड्या! मग पलंग कुठे ठेवायचा?

स्नेक प्लांटबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. ते रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, म्हणजे तो दिवसाच मिळणार. मुळात खोलीतला ऑक्सिजन संपतच नसतो, तो 21 टक्क्यांच्या आसपासच राहतो. साठतो तो कार्बन डायऑक्साइड. बाहेर तो साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग असतो, दोघं झोपलेल्या बंद खोलीत पहाटेपर्यंत सहज दोन हजारांच्या वर जातो. शिवाय दमटपणा, आणि मग भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी.

एसीचं थोडक्यात: साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. प्युरिफायर धूळ, धूर पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही. बाहेर धूर असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात, हे बरोबरच. पण त्या वेळेपुरत्या, कायमच्या नव्हे.

मला खरा राग आला तो 'न्हाणीघराचा झरोकाही बुजवा' या ओळीचा. मावशीच्या न्हाणीघरात गॅस गीझर आहे! गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. आंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध पडतं, आणि दार आतून बंद असतं. हे लिहिणाऱ्याने एकदा तरी विचार करायचा होता. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर हवा, नाहीतर त्याचा धूर पाइपने थेट घराबाहेर जायला हवा. झरोका उघडा हवा तो हवाच. नुसता एक्झॉस्ट फॅन लावूनही भागत नाही. घट्ट बंद घरात आत यायला वाट नसेल तर पंखा धुराच्या पाइपातूनच हवा ओढतो, आणि धूर उलटा घरात येतो.

एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, एवढं जमवायचं. समोरासमोरच्या दोन खिडक्या सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं उघडा. खोलीच्या दाराखाली बोटभर फट ठेवा. स्वयंपाकघरातला पंखा चालू असताना दुसरीकडची एक खिडकी किलकिली ठेवा. धुळीची भीती असेल तर झरोक्याला जाळी बसवा, थर्माकोल नको.

काल मावशीने न्हाणीघराच्या झरोक्यातला थर्माकोल काढला. बेडरूमचे दोन अजून तसेच आहेत, ते रविवारी मी स्वतः जाऊन काढणार आहे. कुंड्या राहू देत, छान दिसतात.