‘स्टेज कळली की आयुष्य कळले’ हा दावा का टिकत नाही

जठराच्या कर्करोगाविषयी समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका संदेशात तीन विधाने केलेली असतात. शस्त्रक्रियेनंतर स्टेज कळली की रुग्ण किती वर्षे जगेल हे सांगता येते. रिपोर्टमध्ये बाधित, म्हणजे कर्करोग पोहोचलेल्या, लसिकाग्रंथी कमी असल्या की धोका टळला. आणि पाच वर्षे पार पडली की तपासण्यांची गरज उरत नाही.

स्टेज हा सर्वांत मोठा निर्देशक आहे, यात वाद नाही. परंतु तिच्यावरून काढलेली टक्केवारी समूहाची असते आणि ती उपचारांबरोबर बदलते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर ‘फ्लॉट’ ही केमोथेरपी घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान ५० महिने, तर जुनी औषधयोजना घेतलेल्यांचे ३५ महिने भरले. आणि मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहूनही अधिक जगले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील संशोधकांनी २००३ मध्ये वय, लिंग, गाठीची जागा व प्रकार, तिची खोली आणि बाधित व निरोगी ग्रंथींची संख्या एकत्र करून एक गणिती कोष्टक मांडले. कोणत्याही दोन रुग्णांपैकी कोणाला धोका अधिक, हे त्या कोष्टकाने सुमारे ८० टक्के जोड्यांत बरोबर ओळखले. म्हणजे एवढे सगळे मोजूनही हाती येतो तो क्रम आणि संभाव्यता. मृत्यूचे साल त्यातून निघत नाही.

दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते अर्धाच आकडा वाचायला शिकवते. स्टेज ठरवताना एक-दोन ग्रंथी बाधित असल्यास एन१, तीन ते सहा असल्यास एन२, सात ते पंधरा असल्यास एन३ए आणि सोळा किंवा अधिक असल्यास एन३बी, अशी ही वर्गवारी आहे. मग एकूण आठच ग्रंथी तपासल्या असतील तर एन३बी सापडणार कशी? म्हणूनच किमान १६ ग्रंथी तपासाव्यात असे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण सांगते. रिपोर्टमधली ‘०/६’ (तपासलेल्या सहांपैकी एकही बाधित नाही) आणि ‘०/३०’ ही दोन्ही शून्ये सारखी नाहीत. शल्यविशारदाने किती ऊती काढली आणि पॅथॉलॉजिस्टने तिच्यातील चरबीत किती चिकाटीने ग्रंथी शोधल्या, यावर रिपोर्टमधली स्टेज अवलंबून राहते.

पाच वर्षांच्या विधानातला खरा भाग असा की रोग बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. त्यामुळे तीन वर्षे निर्धोक गेलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दिवशीची टक्केवारी लागू पडत नाही, त्याची शक्यता त्याहून चांगली असते. मात्र पाच वर्षे ही शेवटची रेषा नव्हे. ग्रंथींची मर्यादित (डी१) आणि विस्तृत (डी२) काढणी यांची तुलना करणाऱ्या डच चाचणीत पाच वर्षांनी ४५ व ४७ टक्के रुग्ण हयात होते, म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच. विस्तृत शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच १० टक्के दगावले होते, मर्यादित शस्त्रक्रियेनंतर ४ टक्के. पंधरा वर्षांनी मात्र जठराच्या कर्करोगाने झालेले मृत्यू डी१ गटात ४८ टक्के, तर डी२ गटात ३७ टक्के भरले. पाचव्या वर्षी हिशेब मिटवला असता तर हा फरक दिसलाच नसता.

शिवाय संपूर्ण जठर काढलेल्यांच्या शरीरात बी१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यास लागणारा घटक तयार होत नाही; यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा उघड होते, म्हणून बी१२ पूरक स्वरूपात जन्मभर घ्यावे लागते. जठराचा काही भाग राखला असेल तर त्यात पुढे नवा कर्करोग उद्भवू शकतो आणि तो एंडोस्कोपीशिवाय वेळेत कळत नाही.